पंचाहत्तर रुपये आणि ताशी मानधन

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी मानधनाविषयी तक्रार केली की कोणीतरी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा दाखला देतोच. १८८५ मध्ये या संस्थेचे फर्ग्युसन महाविद्यालय निघाले, त्या सुमारास गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या पदवीधरांनी महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याचा करार पत्करला. मग आजच्यांनाच पगाराची एवढी चिंता का? दाखला खरा आहे, पण अर्धवट. त्या करारात पगार तुटपुंजा असला तरी नोकरी पक्की होती आणि मुख्य म्हणजे संस्था चालवण्याचा अधिकार करार करणाऱ्या या आजीव सदस्यांकडेच होता. बाहेरची कामे आणि बाहेरची मिळकत यांवरून त्यांच्यात कडाक्याचे वाद झाले, त्यांच्यापैकीच टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला. पण हे भांडण मालकांमधले होते. टिळकांच्या जाण्याने गणिताची जागा रिकामी झाली, तिथे १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. पुढे आजीव सदस्य झाले आणि प्राध्यापकी सांभाळूनच १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढच्या वर्षी वर्गावर आपण असू की नसू, या विवंचनेतल्या माणसाच्या हातून असले दीर्घ पल्ल्याचे काम होणे कठीणच.

स्वातंत्र्यानंतर अनुदानित महाविद्यालयांतल्या वेतनाचा भार राज्य सरकारने उचलला आणि प्राध्यापक हा वेतनश्रेणीतला नोकरदार झाला. संस्थेची मालकी त्याच्या हातून सुटली, पण बदल्यात सुरक्षितता आली. पुढे भरती रखडत गेली, निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि तासिका तत्त्व ही तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. या व्यवस्थेने जुन्या करारातला फक्त कमी पैसा उचलला. वीस वर्षांची हमीही नाही, कारभारात मतही नाही. पैसे घेतलेल्या तासांचेच, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये ठरवले. राज्यातला दर त्याच्या खालीच राहिला. २०१३ मध्ये परीक्षेच्या कामावर बहिष्कार घालून प्राध्यापक संघटना झुंजल्या त्या मुख्यतः वेतनाच्या थकबाकीसाठी आणि नेट-सेट ही पात्रता नसलेल्या कायम अध्यापकांसाठी. तासिकावाले त्या लढ्याच्या काठावरच राहिले, हेही नोंदवायला हवे.

सरकारकडे पैसा नाही, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. महाविद्यालये वाढली, वेतनाचा बोजाही वाढला. पण खर्च वाचतो म्हणजे तो नाहीसा होत नाही, विद्यार्थ्याच्या माथी येतो. कला-वाणिज्यच्या एका तुकडीत १२० मुले असतात. शंभरावर मुलांपुढे दिलेले व्याख्यान आणि वीस मुलांना दिलेले व्याख्यान हिशेबात एकच तास भरते. वह्या तपासणे, शंका सोडवणे, अडलेल्याला बाजूला घेऊन समजावणे यांची त्यात नोंदच नाही. ताशी मानधनावरच्या माणसाने हे केले तर ते फुकट आणि न केले तर त्याला दोष कसा द्यायचा? काही कायम प्राध्यापकही वर्गावर फिरकत नाहीत, असे म्हणतात आणि ते खोटे नाही. पण त्यांना जाब विचारता येतो, कारण ते पुढच्या वर्षीही तिथेच असतात.

वर्गातली गर्दी आणि कंत्राटी नेमणूक यांचा संबंध खुद्द आयोगानेच जोडला होता. अगदी निकड असेल आणि विद्यार्थी-अध्यापक प्रमाण पाळले जात नसेल तेव्हाच कंत्राटी अध्यापक नेमावेत, तेही एकूण अध्यापक पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांचे वेतन कायम सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावे, असे २०१८ च्या नियमावलीत स्पष्ट आहे. म्हणजे अपवाद कशाला म्हणायचे, हे कागदावर ठरलेले होते. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात ही १० टक्क्यांची मर्यादाच उरलेली नाही.