आजेसासऱ्यांची खुर्ची

“स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहा,” असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी गोंधळलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास मला कुठून येणार? पण एका खुर्चीचा इतिहास मात्र मला भोगून ठाऊक झाला आहे.

1947 च्या सुमारास गोरे साहेब देश सोडून निघाले, तेव्हा आमच्या आजेसासऱ्यांनी एका बंगल्याच्या लिलावात शिसवी आरामखुर्ची घेतली. पाय टाकता येतील असे लांब हात, वेताने विणलेली पाठ. गिरगावच्या चाळीत ती गॅलरीत असे. 2009 साली आम्ही बेव्हर्ली पार्कात राहावयास आलो. खुर्ची लिफ्टमध्ये मावेना. मीच घाई केली आणि भंगारवाल्यास सहाशे रुपयांना दिली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री जेवल्याही नाहीत.

मागल्या वर्षी भाचीबरोबर चोर बाजारात मटण स्ट्रीटला गेले. (मूळचा ‘शोर बाजार’, त्याचा चोर बाजार झाला, असे सांगतात. खरेखोटे देव जाणे!) एका दुकानात हुबेहूब तशीच खुर्ची! किंमत ऐकून मी मटकन खालीच बसले. दुकानदार चाचा मात्र मोठे बोलके. साहेबाने विलायतेहून आणलेले सामान येथील दमट हवेत वाकडे होई, वाळवी लागे. म्हणून त्याने आपल्या सुतारांपुढे नमुने ठेवले आणि येथल्याच सागाशिसवीत खुर्च्या, कोच, टेबले करवून घेतली. गादीऐवजी वेत, का, तर वारा खेळतो आणि ढेकूण लपत नाहीत. घाट साहेबाचा, पण पानाफुलांचे जाळीदार कोरीवकाम आपल्या कारागिरांचे. मुंबईची ही शिसवी कलाकुसर 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडली होती. पुढे पारशी शेटजींच्या दिवाणखान्यांतही ती आली. कोरणाऱ्यांची नावे मात्र कुठे लिहिलेली नाहीत. आपण पोळपाट घेताना तरी सुताराचे नाव कुठे विचारतो?

साहेबाच्याही आधी आपल्या शेजारच्या वसईत 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीज होते. त्यांचे सामान गेले, पण ‘चावी’ हा शब्द त्यांचाच. रोज आपल्या कमरेला असतो!

चाचांनी आणखी एक सांगितले. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसास परदेशी विकता येत नाही, असा 1972 चा कायदा आहे. म्हणजे सरकारला जे कळले, ते मला घरात असून कळले नाही.

निघताना मी हळूच खुर्चीच्या उजव्या हाताखाली बोटे फिरवली. आमच्या खुर्चीला तेथे आजेसासऱ्यांच्या अडकित्त्याची खोच होती. येथे लाकूड गुळगुळीत लागले.

घरी आले तर सासूबाई दारातच. “होती का गं?” एवढेच त्यांनी विचारले. मी त्यांना कुठे जाते ते सांगितलेही नव्हते.