गोव्याहून झाओचिंगला

नाशिककरांच्या मनात डोंगर म्हटला की पांडवलेण्यांचा काळाकभिन्न पाषाण उभा राहतो. दक्षिण चीनमधील ग्वेलिनचे डोंगर मात्र चुनखडीचे. पावसाच्या पाण्याने तो दगड युगानुयुगे विरघळत गेला आणि मागे उरले सपाट शेतांतून एकाएकी वर आलेले सुळके व त्यांच्या पोटातील गुहा. ग्वेलिनच्या ली नदीचे पाणी पुढे शी नदीला मिळते. त्या नदीच्या खालच्या अंगाला झाओचिंग हे शहर वसले आहे. तेथेही असेच सुळके आहेत. सप्तर्षींच्या आकृतीवरून त्यांना सात ताऱ्यांचे सुळके म्हणतात.

सप्टेंबर १५८३ मध्ये फादर मिकेले रुज्जेरी आणि फादर मत्तेओ रिची हे दोन येशूसंघीय धर्मगुरू या शहरी वस्तीस आले. यांपैकी रिची १५७८ मध्ये गोव्यास उतरले होते. १५८० मध्ये कोचीनला त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १५८२ मध्ये ते गोव्याहूनच मकावला निघाले. गोव्यात त्या वेळी स्थानिक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकवू नये, शिकले तर ते डोईजड होतील, असा विचार बळावला होता. १५८१ मध्ये एकोणतीस वर्षांच्या रिचींनी संघप्रमुख आक्वाविवा यांना पत्र लिहून या अन्यायास विरोध केला.

तीच दृष्टी घेऊन ते झाओचिंगला गेले. तेथे त्यांनी चिनी भाषा व लिपी कष्टाने आत्मसात केली. दोघांनी पोर्तुगीज-चिनी शब्दकोश रचावयास घेतला. १५८४ मध्ये रिचींनी चिनी अक्षरांत जगाचा नकाशा सिद्ध केला. १५८९ मध्ये नव्या सुभेदाराने त्यांना शहर सोडावयास लावले. नदीकाठचे घर गेले. कमावलेली भाषा मात्र सोबत राहिली आणि १६१० मध्ये बीजिंगला देह ठेवीपर्यंत तीच त्यांच्या कामी आली.

१५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपली मराठी अशीच आत्मसात केली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले.

आज झाओचिंगला जाणारा प्रवासी त्या सुळक्यांची छायाचित्रे घेऊन परततो. आपल्यापैकी कोणी तेथे गेल्यास त्याने गोव्याच्या त्या पत्राचीही आठवण ठेवावी. रिचींनी ज्यांची बाजू घेतली ते तरुण आपल्याच भूमीचे होते.