पटलघटातील ओलावा व उष्णता : पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाच्या इतिहासातील एक प्रकरण

पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाचा इतिहास १८०० साली लंडनमध्ये निकल्सन व कार्लाइल यांनी केलेल्या प्रयोगापासून सांगण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी त्या इतिहासास एक नवी शाखा फुटली. तोवर धनाग्र व ऋणाग्र यांच्यामध्ये अल्कलीचा अथवा अम्लाचा विद्राव असे. आता त्याच्या जागी एक पातळ बहुवारिक पटल आले. प्रस्तुत लेखात या शाखेपुरताच विचार केला असून, तीत पाण्याला किती प्रकारची कामे करावी लागतात व त्यांपैकी एखादे अडले म्हणजे काय घडते, हे दाखविण्याचा हेतू आहे.

हे पटल मुळात विद्युत् विच्छेदनासाठी योजलेले नव्हते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत टॉमस ग्रब यांनी १९५५ च्या सुमारास सल्फॉनिक गट जोडलेल्या पॉलिस्टायरिनचे पटल इंधन-विद्युत् घटात वापरले. त्यांचे सहकारी लिओनार्ड नीड्राख यांनी त्यावर प्लॅटिनम बसविण्याची रीत काढली. ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी-५ या यानातून असे घट अंतराळात गेले. तेथे पाणी हे घटाचे उत्पादन होते, आणि साचणारे पाणी वातींच्या साहाय्याने शोषून दूर करणे ही मोठी चिंता होती. तीच क्रिया उलट चालविली की पाणी कच्चा माल होते व पटलाला सदैव पाण्याचा शेजार लाभतो. तेव्हा कोरडेपणाचा प्रश्न आपोआप मिटला, असे कोणासही वाटावे. वस्तुतः तो मिटला नाही. त्याने रूप मात्र बदलले.

पॉलिस्टायरिनचे पटल ऑक्सिडीकरणाने लवकर खराब होई. ड्यू पाँट कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी सिद्ध केलेल्या नॅफिऑन या फ्लुओरिनयुक्त बहुवारिकाने ही उणीव पुष्कळशी दूर केली. या पदार्थाचा कणा पाण्याला दूर सारणारा, तर त्याला जोडलेले सल्फॉनिक गट पाण्याचे लोभी असतात. पाणी शिरले की या गटांभोवती सूक्ष्म जलकोश तयार होतात व त्यांतून प्रोटॉन वाट काढतात. पाण्यावाचून हे पटल जवळजवळ विद्युत् निरोधकच होय. याविषयी लॉस अ‍ॅलामॉस येथील संशोधकांनी १९९१ साली दिलेली मापने बोलकी आहेत. द्रवरूप पाण्याशी समतोलात असलेल्या पटलात प्रत्येक सल्फॉनिक गटामागे सुमारे २२ रेणू सामावतात. संपृक्त वाफेत मात्र सुमारे १४ च. म्हणजे धनाग्रावरील एखाद्या भागास ऑक्सिजनच्या बुडबुड्यांनी वेढले, तर तेथे वाफ भरपूर असूनही पटलाचा ओलावा घटतो.

आता थोडा हिशेब करू. रसेल, नटॉल व फिकेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, दर चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर प्रवाहासाठी १·८८ व्होल्ट व २ अँपिअरसाठी २·२४ व्होल्ट दाब लागला. विच्छेदनाची क्रिया उष्णता न देता व न घेता चालण्यास सुमारे १·४८ व्होल्ट पुरतात. त्यावरचा सर्व दाब उष्णतेत जातो. पहिल्या स्थितीत ही उष्णता दर चौरस सेंटिमीटरला ०·४० वॉट, तर दुसऱ्या स्थितीत १·५२ वॉट भरते. प्रवाह दुप्पट झाला आणि उष्णता जवळजवळ चौपट!

पहिलीच स्थिती घेऊन पटलाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर मानू. विच्छेदनात दर तासाला सुमारे ३·४ किलोग्रॅम पाणी खर्ची पडते. प्रत्येक प्रोटॉन आपल्याबरोबर ऋणाग्राकडे तीनएक रेणू ओढून नेतो असे धरले, तर या विद्युत् तर्षणाने सुमारे २० किलोग्रॅम पाणी पटलाच्या पलीकडे जाते. आणि निर्माण झालेली ४ किलोवॉट उष्णता, पाण्याचे तापमान केवळ ५° से. वाढू देऊन वाहून न्यावयाची, तर तासाला जवळजवळ ६९० किलोग्रॅम पाणी खेळवावे लागते. कच्चा माल म्हणून लागणाऱ्या पाण्याच्या हे दोनशेपट होय. पाण्याचे खरे काम येथे शीतकाचे आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तापमान अगदी कमी ठेवावे, तर लागणारा दाब वाढतो. अतिशय वाढवावे, तर पटल मऊ पडते व त्यातून वायूंची गळती वाढते. म्हणून ५०° ते ८०° से. ही मर्यादा रूढ झाली. परंतु ही झाली सरासरी. पटल एखाद्या ठिकाणी पातळ झाले की तेथील रोध घटतो, प्रवाह तेथे अधिक ओढला जातो व ती जागा अधिक तापते.

स्वित्झर्लंडमधील नियों येथे १९८७ साली चालू झालेल्या १०० किलोवॉटच्या संयंत्राचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथील ऑक्सिजनमध्ये हायड्रोजनचे प्रमाण ३ टक्क्यांवर गेल्यामुळे १९९० साली ते थांबवावे लागले. सुमारे ४ टक्क्यांपासून हे मिश्रण ज्वालाग्राही होते, हे लक्षात घेता तो निर्णय वेळेवरच झाला. उकलून पाहता पटले पातळ झालेली आढळली, आणि तीही सर्वत्र सारखी नव्हेत. स्टुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हा वृत्तांत प्रसिद्ध केला. अपयशाची इतकी प्रांजळ नोंद औद्योगिक क्षेत्रात विरळाच.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २००७ साली चालू झालेल्या ऑक्सिजन-संयंत्रात पाणी ऋणाग्राच्या बाजूने देतात. त्यामुळे ऑक्सिजनमधून द्रव पाणी वेगळे करण्याचे, वजनरहित अवस्थेत कठीण असणारे, काम टळते. मात्र धनाग्राकडे जाणाऱ्या पाण्याला विद्युत् तर्षणाच्या विरुद्ध, केवळ विसरणाने, वाट काढावी लागते. तेव्हा प्रवाह फार वाढविता येत नाही.

अलीकडे रोध कमी करण्यासाठी अधिकाधिक पातळ पटलांकडे कल आहे, आणि वीज पुष्कळदा सौर असते. पटलातून झिरपणाऱ्या हायड्रोजनचे मान प्रवाह घटला तरी फारसे घटत नाही. ऑक्सिजनचे मात्र त्याच प्रमाणात घटते. पूर्ण भाराच्या वेळी ऑक्सिजनमध्ये अर्धा टक्का हायड्रोजन असेल, तर सूर्य मावळतीला जाऊन भार एक दशांश होताच ते प्रमाण पाच टक्क्यांच्या घरात जाते.