शेवटचा हात

मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात १९६२ साली आग लागून सात कामगार दगावले. महापालिकेचा परवाना थंड प्रक्रियेने रंग करण्यापुरता होता. प्रत्यक्षात चार बर्नर पेटवून पिंपांत राळ आणि डांबर वितळवलं जाई, आणि वॉर्निश-टर्पेंटाइनचा साठाही त्याच खोलीत असे. त्या दिवशी पिंपातला माल पुरेसा निवण्याआधीच एका कामगाराने त्यात टर्पेंटाइन ओतलं, फेस उतू गेला आणि भडका उडाला. कारखाना चालवणाऱ्या भागीदाराला १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४अ मधून मोकळं केलं. बर्नर तिथे ठेवणं ही हयगय होती हे न्यायालयाला मान्य होतं. पण मृत्यूचं निकटचं कारण न्यायालयाने घाईने टर्पेंटाइन ओतणाऱ्या हातात पाहिलं. भागीदारावर उरलं ते आगीबाबतच्या हयगयीचं कलम २८५, ज्याची कमाल शिक्षा सहा महिने. आपल्या फौजदारी कायद्याने निष्काळजीपणाचा अर्थ कसा लावत आणला, ते या निकालात स्वच्छ दिसतं: मृत्यूच्या सर्वांत जवळ कोणाचा हात होता, एवढंच तो विचारत आला.

मुळात प्रश्न असा नव्हता. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा दिला, त्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचं कलम होतं. मनुष्याच्या जिवाची कदर नाही असं ज्या कृत्यातून, किंवा कायद्याने करायला हवी ती गोष्ट न केल्यातून दिसून येतं, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, असा त्याचा आशय. म्हणजे कसोटी होती वृत्तीची. १८६० मध्ये संहिता संमत झाली तेव्हा हे कलम गळलं होतं. १८७० मध्ये ते ३०४अ म्हणून परतलं खरं, पण कदरीचे शब्द त्यात नव्हते. राहिलं ते ‘अविचारी किंवा हयगयीचं कृत्य’. जे करायला हवं ते न करणंही कृत्यातच मोडतं, अशी तरतूद संहितेत अन्यत्र होती, त्यामुळे कागदोपत्री फारसं काही हरवलं नाही असं कोणी म्हणेल. व्यवहारात मात्र नजर हातावर खिळली. १९०२ साली ओंकार रामप्रताप खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांनी दंडक घातला की मृत्यू हा त्या कृत्याचा थेट परिणाम हवा, मध्ये दुसऱ्या कोणाची हयगय आलेली नको. साठ वर्षांनंतरचा कारखान्याचा निकाल याच दंडकावर उभा आहे.

जेन्किन्सचा दंडक अन्यायी होता असं म्हणणं सोपं आहे, पण पुरेसं नाही. कारणांची साखळी मागे ओढत नेली तर कोणीच सुटणार नाही. तुरुंगात धाडताना कायद्याने हात आखडता घेतलाच पाहिजे, आणि भरपाईसाठी दिवाणी मार्ग आहेच. हा आक्षेप वजनदार आहे. तरीही तो या प्रकरणाला लागू पडत नाही, कारण इथे दुवा ओढूनताणून जोडायची गरज नव्हती. ज्वलनशील मालाशेजारी जाळ नको, हे सांगायला परवान्याची अट लागते ती नेमकी कोणीतरी कधीतरी घाई करेल म्हणूनच. ज्या चुकीची धास्ती धरून बंदी घातली, ती चूक घडताच बंदी मोडणारा निर्दोष कसा ठरतो? मद्रास उच्च न्यायालयाने १८७२ मध्येच भेद सांगितला होता: धोका दिसत असूनही काही होणार नाही या भरवशावर वागणं हा अविचार, आणि धोका लक्षातच न येणं, पण खबरदारी घेतली असती तर आला असता, ही हयगय. या मापाने पाहिलं तर पिंपाशी उभा कामगार फार तर हयगयी. अविचारी ठरायला जास्त लायक परवाना खिशात ठेवणारा.

भोपाळ वायुगळतीच्या प्रकरणात नजर जरा वर गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप उतरवला, पण कारखान्यातल्या रचनेचे आणि कारभाराचे दोष पाहून अधिकाऱ्यांवर ३०४अ चालवायला मुभा दिली. म्हणजे दंडक लवू शकत होता. मात्र २०१० मध्ये दोषी ठरलेल्यांना मिळाली ती मेकॉलेच्या मसुद्यातलीच दोन वर्षं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ने ती मुदत पाच वर्षांवर नेली. डॉक्टरांना वैद्यकीय उपचारांपुरती दोनच ठेवली. अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं पोटकलमही त्यात आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी त्याविरुद्ध संप केला, आणि संहिता लागू करताना तेवढं एक पोटकलम सरकारने मागे ठेवलं. गाडी किती तास चालवून घ्यायची हे ठरवणाऱ्या मालकाचा त्या कलमात उल्लेख नाही.