विमानांतील शांतता

प्रवासाच्या सुखाचा विचार करितांना आसन, अन्न आणि भाडें यांची गणना होते. कानाची आठवण क्वचितच राहते. वस्तुतः उतारूंच्या विमानांचा इतिहास हा पुष्कळ अंशीं कानाच्या सुखासाठीं झालेल्या धडपडीचा इतिहास होय.

१९२६ सालीं अमेरिकेंत निघालेलें फोर्ड कंपनीचें तीन एंजिनांचें विमान पाहा. सर्वांग पन्हळी पत्र्याचें. एक एंजिन नाकावर, दोन पंखांखालीं. उतारूंस कानांत घालावयास कापूस देत, आणि शेजाऱ्याशीं बोलणें म्हणजे ओरडणेंच असे.

यावर एक उपाय झाला तो स्थानांतराचा. इंग्लंडांतील हँडले पेज कारखान्याचें एच. पी. ४२ हें विमान १९३० सालीं प्रथम उडालें. याच जातीचीं विमानें पुढें कैरोहून कराचीस उतारू आणीत. त्यांत उतारूंचीं दालनें पंखांच्या पुढें व मागें ठेवून, एंजिनांलगतचा मधला भाग सामानसुमानास व शौचकूपांस दिला होता.

दुसरा उपाय आच्छादनाचा. १९३३ सालच्या डग्लस डीसी-१ या विमानांत ध्वनितज्ज्ञ स्टीफन झँड यांच्या सल्ल्यानें भिंतींत ध्वनिशोषक थर भरले, आणि एंजिनें व आसनें रबरावर टेकविलीं. परंतु येथें व्यवहार आडवा येतो. अस्तराचा प्रत्येक शेर उचलावयास इंधन लागतें, आणि भाडें देणारें तितकें ओझें कमी होतें. म्हणून शांतता ही पैशांत मोजण्याची वस्तु झाली.

तिसरा उपाय मुळावरच घाव घालण्याचा. १९४८ सालीं उडालेल्या व्हायकाउंटनें टर्बाइनचा, आणि १९५२ सालीं उतारू नेऊं लागलेल्या कॉमेटनें जेटचा मार्ग दाखविला. दट्ट्यांची धडधड व हादरे गेले. मात्र वेग वाढतांच पत्र्यावरून धांवणाऱ्या वाऱ्याचाच घोष आंत प्रबळ झाला. साधें संभाषण सुमारें ६० डेसिबेलचें; उडत्या विमानांतील आवाज आजही बहुधा ८० च्या आसपास असतो.

२००७ सालीं सेवेंत आलेलें एअरबस ए-३८० याहून पुष्कळ शांत निघालें. तेव्हां निराळीच तक्रार उठली: शेजाऱ्यांचें बोलणें आणि मुलांचें रडणें स्पष्ट ऐकूं येतें, आणि विश्रांति घेणाऱ्या वैमानिकांस झोंप लागत नाहीं! जो घोष शत्रु मानला, तोच आजवर अनोळखी माणसांमधील पडदाही होता. एंजिनाचा आवाज कारखान्यांत कमी करितां येतो. माणसाचा ज्याचा त्यानेंच आवरावा लागतो.