औषध आहे, पण पोहोचतं का?

फुलंब्रीहून कुणी संभाजीनगरला खुबा बदलायला गेलं, की घरच्यांना धास्ती असते ती इन्फेक्शनची. पिंपरीत १९५५ सालीच पेनिसिलिन बनू लागलं. मग भीती कशाची?

कारण बघा. धातूच्या सांध्याला रक्तपुरवठा नसतो. जंतू त्यावर चिकट थर करून बसतात आणि रक्तातून आलेलं औषध तिथे अपुरं पडतं. हॅम्बुर्गचे सर्जन बुखहोल्त्स यांनी मग औषधच जागेवर ठेवलं. सांधा बसवायच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याचं हे काम १९७० मध्ये प्रसिद्ध झालं. सिमेंट घट्ट होताना तापतं; जेंटामायसिन ती उष्णता सोसतं आणि पुढे हळूहळू झिरपतं. आजही अनेकदा जुना सांधा काढून औषधी सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवतात, इन्फेक्शन गेल्यावर नवा.

संशोधनाचा विषय शोधताय ना? ‘कोणतं औषध’ याआधी ‘ते पोहोचतं का’ हे विचारा.