ताप नव्हता, खोकला होता

माझ्या आजीचं माहेर विचुंब्याचं. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. दसऱ्याच्या आधी तिचा थोरला भाऊ मुंबईहून मचव्याने पनवेल बंदरात उतरला आणि बांधाबांधाने चालत घरी आला. अंगात ताप नव्हता. घसा खवखवत होता, मधूनच खोकत होता. रात्री पोरांसोबत माजघरात झोपला. आठवड्याभरात आजीची आई आणि धाकटी बहीण गेली. भाऊ वाचला. "त्याला ताप तरी कुठे होता?" हे आजी शेवटपर्यंत विचारत राहिली. भाऊ त्या माजघरात पुन्हा कधी झोपला नाही.

साथीला लोक मानमोडी म्हणत. नावात ठणका आहे, खोकला नाही. पावसाळा सरताना खोकतं कोण नाही?

मुंबईत पहिली लाट जूनमध्ये आली. १० जूनला सात पोलीस शिपाई इस्पितळात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ती लाट सौम्य होती. सप्टेंबरातली दुसरी नव्हती. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ माणसं दगावली. महापालिकेच्या नोंदीत युरोपियनांचं मृत्यूचं प्रमाण हजारी ८.३ आहे आणि ज्यांना तेव्हा 'खालच्या जातीचे' म्हणत त्यांचं ६१.६. माझ्या मते हा आकडा जातीइतकाच खोलीच्या आकाराबद्दल बोलतो.

सरकारची नजर प्लेगने घडवलेली होती. १८९७ च्या सुमारास स्थानकांवर उतारूंना उभं करून काखेतल्या, जांघेतल्या गाठी चाचपत. (त्यात बायकांची जी विटंबना झाली, तो वेगळ्या लेखाचा विषय.) गाठ असली की माणूस बाजूला काढता येई. इन्फ्लुएंझाला गाठ नसते. बाधेनंतर एक-दोन दिवसांत लक्षणं येतात, पण विषाणू त्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच बाहेर पडू लागतो. फणफणलेला माणूस अंथरूण धरतो. किरकोळ खोकणारा कामावर जातो, मचव्यात बसतो, गावी येतो.

खोकल्यातून उडणारे मोठे तुषार हात-दोन हातांवर खाली पडतात. बारीक कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. तुषारांतून रोग पसरतो हे जर्मनीत फ्ल्यूगे यांनी १८९० च्या दशकातच दाखवलं होतं. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू मात्र हाती लागला १९३३ मध्ये. आणि खोकल्यावरही सगळा दोष घालता येत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी इन्फ्लुएंझाच्या १४२ रुग्णांचा श्वास तपासला. जास्त खोकणाऱ्यांच्या श्वासात विषाणू जास्त होता, पण न खोकणाऱ्यांच्या नुसत्या श्वासातूनही जिवंत विषाणू बाहेर पडत होता.

म्हणजे आजीचा भाऊ त्या रात्री तोंडाला पंचा बांधून निजला असता, तर कदाचित थोडा फरक पडला असता. ओटीवर निजला असता, तर बहुधा जास्त. आजीचं माजघर मी लहानपणी पाहिलं आहे: एक दार, खिडकी नाही, चुलीच्या धुराने काळे झालेले वासे. तिथे रात्री सात माणसं झोपत.

आजी १९८९ साली गेली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी २०२० च्या टाळेबंदीत विचुंब्यातल्याच एका फ्लॅटमध्ये बसून वाचलं. भिंतीपलीकडे कोणीतरी खोकत होतं.